बंदुकीत ओतलेलं नारळपाणी

माझ्या बंदुकीला पेणमध्ये सगळे ‘लेडीज बंदूक’ म्हणतात. म्हणू देत. वीस बोअरची आहे, म्हणजे बारा बोअरपेक्षा नळी बारीक आणि खांद्याला धक्का कमी. एक बार काढला की पुढचं काडतूस आपोआप वर चढतं. काडतुसात छर्रे नसतात, शिशाची एकच जाडजूड गोळी असते, तिला स्लग म्हणतात. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे पन्नास मीटरवरच्या कागदावर ही गोळी मध्यावर बसवायची म्हणजे खायचं काम नाही. मला ते जमतं. आठवडाभर धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये घालवायचा आणि रविवारी घाट चढून क्लबात जायचं, ते त्यासाठीच. नवरा म्हणतो, तुझा राग तिकडे उतरतो ते बरंय. सगळा उतरत नाही.

माझं माहेर पेणचं. गणपतीचा कारखाना आहे, आता दादा बघतो. बाबांकडे पीकसंरक्षणाच्या लायसन्सवरची जुनी दुनळी आहे, डोंगराकडच्या शेतात डुकरं शिरली की बार काढायला. त्यांच्या नेमाचं कौतुक अख्ख्या आळीला. माझ्या नेमाबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मेडल दाखवलं की “व्हय, चांगलं हाय,” आणि पुन्हा टीव्ही. मला मेडल नको होतं हो, बाबांनी एकदा म्हणायला हवं होतं की पोरगी माझ्यासारखा नेम धरते. गेल्या वर्षी मी हट्टालाच पेटले. एकदा येऊन डोळ्यांनी बघा, म्हटलं. शेवटी कबूल झाले. “दसरा होऊ दे, येतो. तुझा नेम बघतो, मग बोलतो.”

खंडेनवमीला कारखान्यात सगळी हत्यारं पाटावर मांडतात. कोरण्या, ब्रश, सुऱ्या, बाबांची दुनळी. माझी बंदूक त्यात कधीच नसायची, कारण दादाच्या मते खेळणी पूजेत मांडत नाहीत. गेल्या वर्षी त्याचाच फोन आला, “आण गो तुझी पण.” मला इतका आनंद झाला की विचारू नका. सकाळीच सासरहून, वरसेहून निघाले. पाटावर बंदूक ठेवली ती नेहमीसारखी, वरचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, मागे ओढून, तिथलं तोंड उघडं. रिकामी आहे हे सगळ्यांना लांबून दिसावं म्हणून तशीच ठेवायची असते. मग वहिनीच्या मदतीला आत गेले. बाहेर आले तेव्हा आरती चालली होती. बंदुकीला झेंडूची माळ, कुंकवाची बोटं. घरी आल्यावर वरचं कुंकू पुसलं, नळी साफ केली, आरपार उजेड बघितला. आत पोटात कोणी काय ओतलंय, हे मला स्वप्नात कळणार होतं का?

पुढच्या रविवारी क्लबात सामना होता. बाबा खरंच आले, धुतलेला सदरा घालून. गाडी दादाने चालवली. बाबांना पुढची खुर्ची मिळाली. ठरलेल्या वेळात पाच गोळ्या मारायच्या होत्या. पहिली मध्यावर लागली, आणि दुसरी चढलीच नाही. बोल्ट अर्ध्यात अडकला तो अडकला. बंदूक अडली म्हणून मी हात वर केला. वेळ संपली.

क्लबातल्या माणसाने बंदूक खोलली आणि माझ्याकडे बघतच राहिला. आत लाल-पिवळा चिकटा. नारळाचं पाणी वाळून गुळासारखं बसलेलं, त्यात हळदकुंकू, आणि काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीखाली अक्षतांचे तांदूळ. “बाई, बंदुकीला अभिषेक केलात की काय?” तो म्हणाला. आजूबाजूचे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादाला जाब विचारला तर काय म्हणावं त्याने? “देवाच्या कुंकवाने बंद पडते ती बंदूक कसली! बाबांच्या दुनळीला इतकी वर्षं लावतोय, तिला कधी काय झालं?” अरे, ती मधोमध मोडून उघडते, फडकं फिरवलं की झाली साफ. हिच्यात शंभर बारीक भाग. पण ऐकतो कोण! घाट उतरल्यावर गाडीत बाबा म्हणाले, “बाय, नाय जमत तर सोड. घरसंसार हाय तुला.” मी खिडकीकडे तोंड करून रडले. रागानेच रडले.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला कारखान्यातली यंत्रं पुजतात. नवरा शिफ्टला होता, मी एकटीच गेले. बाबा खुर्चीवर बसले होते. दादाने कॉम्प्रेसर पुसला, मूर्ती रंगवायचा स्प्रे पाटावर ठेवला. आणि कुंकवाला हात लावायच्या आधी त्या स्प्रेच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, वर रबर घातलं. अगदी हळुवार, तान्ह्या पोराला टोपडं बांधावं तसं.

“प्लास्टिक कशाला रे?” मी विचारलं.

“अगो, कुंकू आत गेलं तर तोंड चोंदतं. मग बस खोलत.” हे तो सहज बोलून गेला. मग त्याचा हात थांबला.

बाबा वळले. “मग हिच्या बंदुकीत कशाला ओतलंस?”

दादा वातीला तूप लावत बसला. वहिनी दारातून आत निघून गेली. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोलतील, आता तरी बोलतील.

“जाऊ दे गो,” बाबा म्हणाले. “सणाचा दिस हाय. भाऊ हाय तुझा.”

मी पर्स उचलली. “जाऊ देते,” म्हटलं. “पण बाबा, तुम्ही नेम बघायला आला होतात ना? त्या दिवशी बघितलात तो माझा नव्हता. ह्याचा होता, आणि अगदी मध्यावर लागला.”