मावशीची चार बोटं

मावशीच्या तोंडाचा पट्टा चालू असला की आमच्या घरात सगळं ठीक आहे असं समजायचं. भाजीत मीठ कमी का, दार आपटलं का, आई एवढ्या मोठ्यानं हसते का, तिला कुठलंही कारण पुरायचं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली आणि सव्वीस वर्षं कोंबड्यांच्या एका संशोधन केंद्रात नोकरी केली. गल्लीत तिला कोंबडीमावशी म्हणायचे. तिच्या समोर मात्र कुणाची टाप नव्हती.

लहानपणी एकदा मी तिचा डबा द्यायला गेले. लांबलचक शेड, खिडकी एकही नाही. दिवे सतरा तास चालू, म्हणजे कोंबड्यांना कायमचा उन्हाळा वाटावा आणि त्यांनी अंडी देत राहावं. उजेड सगळीकडून सारखा, त्यामुळे कशालाच सावली नव्हती. माझीही नव्हती. मी दार लोटलं तसं तीनशे कोंबड्यांनी एकदम मान वळवली आणि एकेक डोळा माझ्यावर रोखला. आवाज म्हणून नाही. मग त्यातली एक, पोट पुढे काढून, माणसासारखी ताठ उभी, संथपणे माझ्याकडे चालत आली. मी डबा टाकून जी पळाले ती फाटकाशीच थांबले.

"अगं, घाबरलीस काय? पाणी झालंय तिच्या पोटात," मावशी म्हणाली. "तिला वाकता येत नाही बिचारीला."

पुढे मोठी झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. अंडं पिकलं की अंडाशयावरचं पातळ आवरण फाडून बाहेर पडतं. ती जखम भरते, पुन्हा फाटते. दर वेळी नव्या पेशी घाईघाईनं तयार होतात, आणि इतक्या नकला उतरवताना एखादी चूक राहून जाते. बायकांच्यात हे महिन्याला एकदा, कोंबडीत जवळजवळ रोज. म्हणून म्हाताऱ्या कोंबड्यांना आपोआप अंडाशयाचा कॅन्सर होतो.

"अंड्याबरोबर जो द्रव सांडतो तो शेजारच्या बीजनळीच्या टोकावरही पडतो," त्या म्हणाल्या. "बायकांच्यात सुरुवात बरेचदा तिथूनच होत असावी."

"असावी म्हणजे?"

"म्हणजे अजून शोधतोय, बाळा."

शेडच्या दुसऱ्या खोलीतल्या कोंबड्यांना औषध देऊन अंडी थांबवलेली असत. तिथे आजारी कमी निघायच्या. मावशी पहिल्या खोलीला सासर म्हणायची आणि दुसरीला माहेर.

दर सोमवारी ती एकेक कोंबडी उचलायची आणि चार बोटं तिच्या पोटाखाली दाबायची. पाणी हे त्या कॅन्सरचंच लक्षण; ते लागलं तर पायात लाल कडं. लाल कड्याची कोंबडी गुरुवारी कापून तपासायची. तिथे कुणी कुणाला बरं करत नसे.

आईची कंबर सुटायला लागली तेव्हा तिनं थट्टाच केली. "ताईच्या हातचं खाऊन खाऊन मेली मी!" दोन घास खाल्ले की तिला जेवण नको व्हायचं. गॅस झालाय म्हणायची. एका दुपारी तिला ड्रेसचा कमरेवरचा हूक लावता येईना, म्हणून तिनं मावशीला हाक मारली. मावशी मागून वाकली. आईनं पोट आत घ्यावं म्हणून तिनं पुढून हात घातला आणि तिची चार बोटं सवयीनं पोटाखाली गेली. तिथेच थांबली. मी दारात उभी होते. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनं हूक लावला आणि कधी नव्हे ते म्हणाली, "छान दिसतेस हो."

त्या दिवसापासून मावशी ओरडायची थांबली. आईच्या ताटात चांगलं ते वाढायला लागली, तिची वेणी घालायला लागली. आई खूश. "म्हातारपणी ताईला प्रेमाचं भरतं आलंय गं!" मला मात्र घरात गेलं की अंगावर काटा यायचा. कोणी तरी मेलेल्या घरात बोलतात तशा हळू आवाजात मावशी आईशी बोलत होती.

तीन आठवडे मी हे पाहिलं. मग एका सोमवारी न राहवून शेडवर गेले. तोच उजेड, तेच डोळे. कोपऱ्यात एक कोंबडी ताठ उभी होती, पोट जमिनीला टेकायला आलेलं. पायात कडं नव्हतं.

"हिला का नाही घातलंस?"

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "कडं घातलं की गुरुवार येतो गं. मी दोघींचंही लपवलंय. ही एक आणि घरची एक."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझी बहीण कोंबडी आहे का? तीन आठवडे, मावशी! माणसांना दवाखाने असतात!"

"सव्वीस वर्षांत एकही परत आलेली पाहिली नाही मी," ती रडत म्हणाली. "तुझ्या आईला माहेर मिळालं एकदाच, तू पोटात होतीस तेव्हा. बाकी सगळी वर्षं दिवा चालूच. मी तिला काय सांगू?"

मी तिला तिथेच सोडलं आणि आईला दवाखान्यात नेलं. पोटातलं पाणी काढलं, मोठं ऑपरेशन झालं, औषधानं केस गेले. तीन आठवड्यांनी फार फरक पडला नसेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या 'नसेल'वर मी किती रात्री काढल्या ते माझं मला माहीत.

आई वाचली. मावशीनं आमच्या दोघींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की पुन्हा काही लागलं तर त्याच क्षणी सांगेन. आईचे केस परत आले आणि मावशीचं ओरडणंही. चमचा कुठे ठेवलास, टॉवेल ओला का, तपासणीची तारीख विसरलीस कशी. आई मुद्दाम टॉवेल ओला ठेवायची.

आता दर सोमवारी आई स्वतःच आडवी होते आणि म्हणते, "बघ गं ताई." मावशी चार बोटं दाबते आणि म्हणते, "नुसती चरबी आहे. ऊठ, कामं पडलीत." दीड वर्ष आम्ही त्या एका वाक्यावर जगलो.

काल सोमवार होता. मावशीनं बोटं दाबली, उचलली, आईची चादर नीट केली. मग चहा करून आणला, दोन चमचे साखर घालून, आणि आईच्या केसांवरून हात फिरवला. 'नुसती चरबी आहे' म्हणालीच नाही, पदरानं डोळे पुसत राहिली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला आणि स्वतःच उठून चपला पायात सरकवल्या.

"रडू नकोस ताई," ती म्हणाली. "या वेळी सोमवारीच सांगितलंस. चला, गाडी काढा."