शिंगणापुरात दार बंद होतं म्हणे!

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुरिअरच्या ट्रॅकिंगवर मात्र होता... आता तोही उडालाय.

माझं माहेर शनिशिंगणापूर. मी केडगावला शाळेत शिकवते, पण सध्या वडिलांसाठी माहेरीच राहून ये-जा करते. आमच्या गावात घराला चौकट असते, दार नसतं. फार तर कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवतात. हे आधीच सांगते, कारण सगळं भांडण तिथेच आहे.

अण्णांचं — म्हणजे वडिलांचं — कानाचं मशीन बिघडलं म्हणून पुण्याला दुरुस्तीला दिलं होतं. नेमकी तेव्हाच त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, पुण्यात दवाखान्यात. डॉक्टरांनी आशा सोडलेली. अण्णांचा मणका सरकलेला, त्यामुळे प्रवास बंद. आत्या रोज फोन करायची. मी म्हणायचे, "मला सांग, मी त्यांच्या कानात ओरडून सांगते."

"नको गं. त्यालाच सांगायचंय. येऊ दे त्याचं मशीन."

मशीन दुरुस्त होऊन कुरिअरने निघालं. सोमवारी मेसेज आला — 'दार बंद असल्याने पार्सल देता आले नाही.' आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं. कस्टमर केअरची बाई गोड आवाजात म्हणते, "उद्या दार उघडं ठेवा मॅम." मी म्हटलं, "आधी दार बसवून द्या, मग उघडं ठेवते!" मंगळवारी पुन्हा तोच मेसेज. राहुरीच्या त्यांच्या ऑफिसात फोन केला तर म्हणे पार्सल गाडीवर आहे. इकडे आत्या विचारतेय, "आलं का गं?" शनीच्या गावात राहून कुरिअरची साडेसाती!

बुधवारी रजा टाकली आणि सकाळपासून उंबऱ्यातच ठाण मांडलं. समोर मेथीची जुडी, मागे खाटेवर अण्णा. रस्त्यावरचं कुत्रंही नजरेतून सुटलं नाही. पावणेबाराला मोबाईल वाजला. दार बंद!

तशीच स्कूटी काढून राहुरी गाठली. डिलिव्हरीवाला, पन्नाशीचा माणूस, डबा खात बसला होता. त्याला मी नको नको ते बोलले. तो हात धुऊन उठला.

"ताई, पोरांची शपत, खोटं बोलत न्हाई. तीनदा आल्तो, तीनदा दार लावल्यालं. लई हाका मारल्या. ह्यो बगा फोटो."

फोटोत आमचंच घर. माझी स्कूटी. ओसरीवर माझ्या चपला, मेथीच्या काड्या. वेळ पावणेबाराची. उंबऱ्यात मी नाही. चौकटीत काळपट लाकडाचं, जुनं दार... बंद. बाहेरून कुलूप नाही, म्हणजे कडी आतून लावलेली. आणि आत तर आम्ही दोघंच होतो.

पार्सल हिसकावून घरी आले. अण्णांच्या कानात मशीन बसवलं आणि स्पीकरवर आत्याला फोन लावला. उचलला आतेभावाने. आत्या तासाभरापूर्वीच गेली होती. मशीनमधून अण्णांनी ऐकलेली पहिली गोष्ट ती.

भाचा म्हणतो, फोटो एआयने बनवला असेल. असेलही. पण माझ्या मेथीच्या काड्या एआयला कुठून ठाऊक? चौकट मी बोटांनी चाचपून पाहिली. बिजागरीच्या खिळ्याची खूणसुद्धा नाही.

कंपनीने तोच फोटो पुरावा म्हणून जोडला आणि माझी तक्रार निकाली काढली — 'ग्राहकाने दार उघडले नाही.' अंगाची नुसती लाहीलाही होते. भांडायचं तरी कोणाशी? त्या माणसाने तीनदा हाका मारल्या, हे मला आता खरं वाटतं. आणि मी तिथेच बसले होते, हेही खरं आहे.

अण्णांनी मशीन परत डबीत ठेवलंय. घाला म्हटलं तर म्हणतात, "अक्का काय सांगनार हुती, ते ह्याच्यातनं ऐकू येनार हाय का?"