साडेसात मीटर

अर्ज लिहावा तर मीच, असा माझा एके काळी फार तोरा होता. कंपनीत टाइम ऑफिसला अख्खी नोकरी काढली. रजेचे, बदलीचे, माफीचे अर्ज लोक माझ्याकडून लिहून घ्यायचे. रिटायर होऊन रहाटणीच्या घरी बसलो, तर गल्ली तेच काम घेऊन यायला लागली. पाणी येत नाही, काकांकडे जा. दिव्याचा खांब वाकलाय, काकांकडे जा. कुणाचं काम झालं आणि पेढे घेऊन आला, की मी म्हणायचो, माझं काय त्यात, मी नुसता लिहितो. हे वाक्य मला फार आवडायचं. आता आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

माझ्या घराच्या बरोबर समोर मिस्त्रीचं घर. वर कुटुंब, खाली टू-व्हीलरचं गॅरेज. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे, मीही. त्याचा बाप पिंपरी कॅम्पात कामाला आलेला, हा इथंच जन्मलेला, मुसलमान असून मराठी माझ्यापेक्षा साफ. मी लातूरकडचा; माझ्या तोंडून अजून 'काय करायलाव' निसटतं आणि तो हसायचा. आमचे प्लॉट एकाच शेतकऱ्याकडून घेतलेले, तेव्हा इथं ज्वारी उभी होती. ईदला त्याच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीत तोच डबा चकल्या भरून परत जायचा. मोठेपणा म्हणून नाही सांगत. ज्याचं खाल्लं त्याच्याशी मी काय केलं, ते नीट कळावं म्हणून सांगतोय.

त्याची पोरगी डिप्लोमा झाली, तोही गाड्यांचाच. तिला बापाच्या गॅरेजच्या जागेत इलेक्ट्रिक स्कूटरचं सर्व्हिस सेंटर टाकायचं होतं. स्कूटरवाली कंपनी तयार होती, पण जागेचे कागद व्यवसायाचे हवेत म्हणाली. शहराच्या आराखड्यात आमची सगळी गल्ली रहिवासी. म्हणजे महापालिकेकडून एवढ्या जागेपुरता झोन बदलून मागायचा, रहिवासीचा व्यवसाय करून घ्यायचा. आता आमच्या या रहिवासी गल्लीत काय काय चालतं तेही ऐका. गल्लीच्या सोसायटीच्या चेअरमनच्या दोन मजल्यांवर कंपनीतल्या पोरांचं पीजी. कोपऱ्यावर दहावी-बारावीचे क्लास. माझ्या स्वतःच्या खालच्या खोलीत भाड्यानं ब्यूटी पार्लर. कुणी कधी कुणाला विचारलं नाही. रीतसर विचारायला गेला तो एकटा मिस्त्री. मी त्याला म्हटलंही, राव, कशाला नसती उठाठेव, चाललंय तसं चालू दे. तर म्हणाला, पोरीचं काम आहे, तिच्या मागं उद्या नोटिसा नकोत.

अर्ज अर्थातच मी लिहिला. त्याआधी एका रविवारी आम्ही रस्ता मोजला, कारण अशा दुकानाला नऊ मीटरचा रस्ता लागतो असं तो कुठूनसं ऐकून आला होता. टेपचं एक टोक त्यानं त्याच्या गेटाशी धरलं, दुसरं मी माझ्या कंपाउंडच्या भिंतीशी. साडेसात भरला. नकाशावर नऊ होता. दीड मीटर कुठं गेला हे सांगायला ज्योतिषी नको. माझी भिंत, चेअरमनचा जिना, त्याच्या पुढच्याचा ओटा. आमच्या बाजूच्या प्रत्येकानं जरा जरा पुढं सरकून घेतलेलं. मिस्त्रीची भिंत तेवढी जागच्या जागी. मी म्हटलं, हे कागदावर आणायचं नाही, नकाशात नऊ आहे तर नऊच लिहू, कोण बसलंय मोजायला. त्याला ते फारसं पटलं नव्हतं, पण माझ्या शब्दावर गप्प बसला. अर्ज वाचून दाखवला तेव्हा पोरगी चहाचा कप हातात धरून उभ्यानंच ऐकत होती. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तुमच्या हातचं आहे. नाही कोण म्हणेल?"

मी खूश होऊन घरी आलो.

काही महिन्यांनी पेपरात जाहीर नोटीस आली, कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा म्हणून. तोवर गल्लीत कुणाला कशाचा पत्ता नव्हता. चेअरमनच्या पार्किंगमध्ये मीटिंग बसली. आवाज होईल, गाड्या लागतील, बायकापोरांनी जायचं कुठून, असं सगळं झालं. मग एकानं आवाज खाली घेऊन म्हटलं, आज एक दुकान, उद्या इथं त्यांचीच वस्ती होईल. त्याला कुणी अडवलं नाही. मीही नाही. खरी हरकत ती होती, बाकी सगळा देखावा, हे मला तिथंच कळलं होतं.

हरकतीचा कागद त्यांनी आधीच खरडला होता. चार ओळी, त्यात 'आमचा तीव्र विरोध आहे' तीनदा. चेअरमननं तो माझ्यापुढं सरकवला, काका, जरा बघून द्या. इथं उठून घरी जायचं होतं. पण नाही, आमची खाज! भिकार अर्ज बघितला की माझा हात शिवशिवतो. मी म्हटलं, नुसता विरोध चालत नाही, मुद्दा लागतो. आणि मुद्दा माझ्याकडं होता. घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर रस्ता प्रत्यक्षात नऊ मीटर नसून साडेसात मीटर भरतो, सबब ही मागणी नियमात बसत नाही.' तो कुणामुळं साडेसात भरतो, हे लिहिलं नाही. कागदावर सहीही केली नाही. सही नाही म्हणजे आपण नामानिराळे, मी नुसता लिहितो. बायकोनं टेबलावरचा कागद वाचला आणि एवढंच विचारलं, हे मिस्त्रीभावजींना सांगितलंत का? मी तिच्यावर खेकसलो. कळत नाही त्यात नाक खुपसू नको म्हणालो. तिला सगळं कळलं होतं, म्हणून तर खेकसलो.

महापालिकेतल्या सुनावणीला चेअरमननं मला त्याच्या गाडीतून नेलं, त्यामुळं बसलोही त्यांच्याच रांगेत. समोर मिस्त्री, शेजारी फाईल मांडीवर घेतलेली पोरगी. तिनं इस्त्रीचा ड्रेस घातला होता, जशी काय मुलाखतच. सुनावणी घेणारे साहेब एकेक हरकत वाचत गेले. आवाज, पार्किंग, धूर. इलेक्ट्रिक गाडीचा कसला धूर म्हणून ते स्वतःच जरा हसले. पोरीलाही धीर आला. मग साडेसात मीटरचं वाक्य आलं. मिस्त्रीनं साहेबांकडं बघितलं नाही. वळून माझ्याकडं बघितलं.

साहेबांना दोष देऊन चालणार नाही. त्यांनी नकाशा उलगडला, प्लॉटांच्या हद्दी बघितल्या आणि काय झालंय ते त्यांच्या लक्षात आलं. मान वर करून आमच्या रांगेला विचारलं, "समोरच्यांनी भिंती मागं घेतल्या तर रस्ता नऊ होतोय. कुणी तयार आहे का?"

पहिली भिंत माझी होती. मी हो म्हटलं असतं तर मागच्या दोघांना तरी लाजेकाजेस्तव बोलावं लागलं असतं. मी बुटांकडं बघत बसलो. चेअरमन मोबाइल बघत होता. साहेबांनी आमच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर जिन्यात मिस्त्री मला गाठून म्हणाला, "साडेसात आपल्या दोघांनाच माहीत होतं, भाऊ." त्याच्या तोंडून भाऊ म्हणून ती शेवटची हाक. खालचं काचेचं दार पोरीनं मी बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं, म्हाताऱ्या माणसासाठी धरतात तसं.

अर्ज नामंजूर झाला. महापालिकेनंच लेखी नाही म्हटल्यावर, रहिवासी जागेत हे कसं म्हणून चालू गॅरेजवरही बोट ठेवायला गल्ली मोकळी झाली. वर्षाच्या आत मिस्त्री घर विकून चाकणकडं गेला. तिथं भाड्याच्या पत्र्याखाली गॅरेज आहे. पोरगी एका कंपनीत लाइनवर उभी असते, शिफ्टमध्ये. मी एकदा माझी स्कूटर घेऊन मुद्दाम तिकडं गेलो होतो. त्यानं प्लग साफ केला, ब्रेक आवळून दिले, स्टूल पुसून म्हणाला, बसा साहेब. इतक्या वर्षांत मला कधी साहेब म्हटलं नव्हतं त्यानं. आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या तर मी जरा बरा परत आलो असतो.

मिस्त्रीची जागा एका बिल्डरनं घेतली, मागचे दोन प्लॉटही घेतले. शोरूम काढायचंय म्हणून त्यानं तोच अर्ज केला. तीच जागा, तीच गल्ली, पेपरात तशीच नोटीस. या वेळी हरकत एकही नाही. चेअरमन घरोघर टाइप केलेलं संमतिपत्र घेऊन फिरला. आम्ही आपापली बांधकामं मागं घेऊन रस्ता नऊ मीटर करून देतो, असं त्यात होतं. समोर शोरूम झालं की आपल्या जागांचंही सोनं होईल, काका, म्हणाला. माझ्या लिहिण्याची या वेळी कुणाला गरज नव्हती. मी सही केली.

मागच्या आठवड्यात जेसीबी आला. माझी भिंत त्यानं एका दणक्यात आडवी केली. मोजणीवाला टेपचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाला, काका, जरा धरता का? मी धरलं. समोर, जिथं मिस्त्री उभा होता तिथं दुसराच कुणी उभा होता. त्यानं तिकडून ओरडून सांगितलं, नऊ.

बायको दारात उभी राहून पडलेल्या विटांकडं बघत होती.

"एवढंच पाडायचं होतं?" ती म्हणाली.