झाकणावरचा दाणा

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी मी सदाशिव पेठेत खोली घेतली, पण अभ्यासिकेत बसलो की हात फोनकडेच जायचा. शेवटी फोन खानावळीच्या काकूंकडे दिला आणि रविवारपर्यंत मागितला तरी देऊ नका, असं बजावलं. त्यांनी हसून तो स्टीलच्या डब्यात घालून फळीवर ठेवला.

ते हसणं मला खटकलं. पुण्यात कोणी उगाच हसत नाही. काकू माझे मेसेज वाचत असणार. फोनला पासवर्ड होता, पण संशयाला तेवढं पुरत नाही. त्यांची नजर चुकवून मी झाकणाच्या कडेवर तांदळाचा एक दाणा ठेवला. डबा उघडला, की तो पडणार. मग कधी पाणी प्यायला, कधी उद्या भाजी कोणती ते विचारायला मी दर तासाला अभ्यासिकेतून उठून खानावळीत जायचो आणि दाणा बघून यायचो. पुस्तक तसंच उघडं पडलेलं असायचं.

शनिवारी दाणा गायब होता. मी काकूंकडे रोखून पाहिलं.

पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "दाणा मीच काढला. अहो साहेब, फोन होता तेव्हा निदान जागेवर तरी बसत होतात."