कापड मातीला लागता कामा नये

गिस्लर साहेबांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. तोंड धुऊन परसात यायचे. टोकाला विटा बांधलेला बांबू कमरेशी टेकवून उभा धरायचे, हळूहळू आडवा करायचे, टोक जमिनीपासून चार बोटांवर थांबवायचे आणि पुन्हा सरळ. असं तीस वेळा. सहाला गिरणीचा भोंगा.

सुमात्रात मेदान शहराजवळच्या त्या तेलगिरणीत मी त्यांच्या हाताखाली फिटर होतो. घरं शेजारीशेजारी. कामगार म्हणायचे, साहेब आभाळात गळ टाकून बसलेत.

मेदानात स्विस लोकांचा क्लब होता. रविवारी पत्ते, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी, मोठी शेकोटी. कुणी सभासद मेला की क्लबाचं रेशमी निशाण उघड्या कबरीवर तीनदा झुकवायचं. कापड मातीला लागता कामा नये. काठी अकरा किलोची. वारा सुटला की कापडही ओढतं. हे काम साहेबांकडे होतं. सतरा जणांना त्यांनी निरोप दिला. शवपेटीचा दोर धरायला मी असायचो, म्हणून खात्रीनं सांगतो, एकदाही लागलं नाही.

निशाणाची झालर त्यांची बायको तिउर्मा शिवायची. तिथल्याच बटाक जमातीची बाई, तोबा सरोवराकडची. क्लबाच्या जेवणांना बटाटे किसायलाही तीच. मी त्यांना वहिनी म्हणायचो. त्या साहेबांना टोमणे मारायच्या, "वीस वर्षं संसार केलात, मला नाही कधी एवढं जपून धरलंत."

साहेब पगारातला तिसरा हिस्सा बाजूला टाकत. म्हातारपणी दोघांनी साहेबांच्या गावी, स्वित्झर्लंडमधल्या उरीच्या डोंगरात, दोन खोल्यांचं घर घ्यायचं. वहिनी म्हणायच्या, तिथल्या थंडीत मी आठ दिवस टिकणार नाही.

एकाहत्तर साली वहिनींच्या पोटात गाठ निघाली. मी एकदा बघायला गेलो असताना त्यांनी माझ्यासमोरच साहेबांना विचारलं, "माझ्यावर झुकवाल ना?"

"विचारतो," साहेब म्हणाले.

"कुणाला?"

साहेब क्लबाच्या कमिटीकडे गेले.

कमिटीत सहा जण होते. नियमात सभासद लिहिलं होतं, आणि सभासद फक्त पुरुष. चौघे नको म्हणाले, दोघे हो. अध्यक्षांनी समजुतीनं सांगितलं की पुष्पचक्र चांगलं मोठं पाठवू.

आठवड्यानं वहिनी गेल्या. पेटीला खिळे ठोकताना मी साहेबांना म्हटलं, "निशाणाच्या कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात आहे."

"म्हणूनच नाही काढता येत, कार्तो."

पुष्पचक्र खरंच मोठं होतं. साहेब रिकाम्या हातांनी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी साडेचारला बांबू नेहमीसारखा उचलला. नको म्हणणाऱ्या चौघांपैकी दोघांना पुढे त्यांनीच निरोप दिला. कापड लागलं नाही.

चौऱ्याऐंशी साली क्लब बंद झाला. पाच माणसं उरली होती. टेबलं, घड्याळ, पातेली विकायला काढली. निशाण मायदेशातलं एक संग्रहालय विकत घेणार होतं. साहेबांनी त्यांच्यापेक्षा जास्त दिले आणि ते खांद्यावर टाकून बसनं घरी आणलं.

पण त्यांचा उजवा खांदा तोवर कामातून गेला होता. म्हणाले, "तू झुकवायचंस."

मीही तेव्हा साठीला टेकलेलो. दोन महिने मी त्यांच्या परसात साडेचारला तो बांबू उचलला. ते स्टुलावर बसून चुका काढत. कोपर. परत. श्वास धर. परत. विटा एकदम नाही चढवल्या. अर्धी, मग एक, मग दोन.

तेरा वर्षांत वहिनींच्या कबरीवर गवत माजलं होतं. साहेबांनी ते आधी हातानं उपटलं, मला करू दिलं नाही. मग बाजूला होऊन टोपी काढली.

पहिल्या वेळी नीट झुकलं. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्याला झालर मातीला टेकली.

"लागलं," मी म्हटलं.

"दिसलं मला. पहिल्यापासून कर."

मी हात पुसले आणि पहिल्यापासून केलं. या खेपेला तिन्ही वेळा कापड चार बोटं वर राहिलं. साहेब पुढे झाले आणि वहिनींच्या बोलीत हळू म्हणाले, "उशीर झाला, बाई."

निशाण गुंडाळून आम्ही बस पकडली. उरीच्या डोंगरातलं दोन खोल्यांचं घर त्या कापडात गेलं होतं.