मागाच्या खड्ड्यातली धामण

आमच्या घरी धामण होती. चुकून शिरलेली नव्हे, ठेवलेली. सत्तर सालच्या आगेमागेची गोष्ट. नागपूरच्या विणकर मोहल्ल्यात आमचं दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत माझी चूल, पुढच्या खोलीत माझ्या नवऱ्याचा खड्डामाग. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय समोरच्या खड्ड्यात सोडून पावड्या मारतो, असा तो माग. सुताला तांदळाच्या पेजेची खळ दिलेली असते आणि तो वास उंदरांना कुठूनही लागतो. चार दिवस खपून मागावर लावलेला उभ्या सुताचा ताणा एका रात्रीत कुरतडून ठेवायचे मेले.

त्या उंदरांमागं धामण आली. मी किंचाळले, शेजारचे काठ्या घेऊन धावले, आणि माझा नवरा दारात आडवा उभा राहिला. "कोनी हात लावाचा नाही. धामण हाय ती, जहर नसते तिच्यात." त्याचं लहानपण उमरेडकडच्या शेतात गेलेलं, सापाची त्याला पारख होती. एरवी माझ्यापुढे आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी हटून बसला. महिन्याभरात उंदीर दिसेनासे झाले. मग मी काय बोलणार? त्यानं कोपऱ्यात एक फुटका रांजण आडवा केला आणि तिचं बिऱ्हाड तिथं थाटलं.

मोहल्ल्यातल्या बायका मला चिडवायच्या, "सवत आनली काय वं घरात?" मी म्हणायचे, "आनली ना! अन् माह्यापेक्षा कामाची हाय." सगळ्या हसायच्या. एक शेजारची म्हातारी तेवढी हसत नव्हती. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "धामण काही करनार नाही, मले मालूम हाय. पन तू पोट्टीची भीती मोडून राहिली वं."

पोट्टी म्हणजे आमची मुलगी. बारकी म्हणायचो तिला. धामण आली तेव्हा ती रांगत होती. म्हातारीचा मला असा राग आला! हिला काय कळतं, हिच्या घरात लेकरू तरी आहे का, असं मनात आलं. तोंडानं बोलले नाही, पण दोन दिवस तिच्या दारावरून गेलेसुद्धा नाही. खरं बोलणारं माणूस डोळ्यांत खुपतं. आज मी त्या म्हातारीच्या वयाची झाले, तेव्हा हे कबूल करते.

बारकी तीन वर्षांची झाली. धामण खड्ड्यातून सरपटत रांजणाकडे जायची आणि बारकी तिच्याकडे मांजरीकडे पाहावं तसं पाहायची. त्या वर्षीच्या नागपंचमीला मी एक उपद्व्याप केला. दुसऱ्यांच्या घरी पाटावर चंदनाचा नाग काढतात, आपल्या घरी तर जितीजागती आहे, म्हटलं. नवऱ्यानं धामणीचं डोकं हलक्या हातानं धरलं आणि मी बारकीचं बोट कुंकवात बुडवलं. पोट्टी घाईला आली होती. मी म्हटलं, "थांब, पहिले आईले लावाचं, मंग धामणीले." तिनं माझ्या कपाळाला लावलं, मग धामणीच्या डोक्याला. दुधाला त्या धामणीनं तोंडही लावलं नाही, पण बायका हात जोडून उभ्या. माझ्या लेकीचं धाडस पाहा, असं मला झालं होतं. मला शहाणीला!

त्यानंतर महिनाभरानं, दुपारची वेळ. नवरा तयार पातळं पोचवायला इतवारीच्या बाजारात गेला होता. मी पुढच्या खोलीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसले होते. बारकी माझ्या पाठीमागं मागाजवळ खेळत होती. खड्ड्यात सळसळ झाली. मला ऐकू आली. दुसऱ्या कोणत्याही घरातली बाई त्या आवाजानं उडाली असती. मी मानसुद्धा वळवली नाही, तीच असणार म्हणून चरखा फिरवत राहिले.

"आई, इकडे पाय ना," बारकी म्हणाली, "धामणीनं आज टोपरं घातलं."

मी हसले. खरं सांगते, हसले. पोट्टीला काय काय सुचतं, म्हणून वळून पाहिलं.

खड्ड्यातून नाग उभा राहिला होता. फणा काढून. बारकी काठावर, त्याच्यापासून दोन हातांवर. डाव्या हातात माझा कुंकवाचा करंडा, आणि उजव्या हाताचं बोट कुंकवानं लाल. एक पाय खाली खड्ड्यात सोडायच्या बेतात होती.

मायबाई! ओरडावं तर ती दचकून खाली पडेल. धावावं तर तो बिथरेल. काय करू, काय करू, आणि तोंडातून कसं निघालं देव जाणे, अगदी रोजच्यासारखं, "बारके, पहिले आईले लावाचं ना वं? मंग धामणीले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग नागाकडे. मग तिला पटलं. पाठ फिरवून ती तुरुतुरु आली. तिचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकलं आणि मी तिला असं आवळून बाहेर नेलं की करंडा कुठं पडला, कुंकू कुठं सांडलं, मला भान नाही. अंगणात बसून मी रडले. ती घाबरली ती माझ्या रडण्याला.

माणसं धावून आली. काठ्या, फावडं, सळई, मिळेल ते घेऊन आत शिरली. मी बाहेरूनच ओरडत होते, "मारा! मारा त्याले!" आतून ठोकाठोकीचा आवाज आला, मग कोणी तरी म्हणालं, "मेला, मेला." काठीवर लोंबकळता साप त्यांनी अंगणात आणून टाकला. मी जवळ जाऊन पाहिला आणि त्याच्यावर थुंकले. त्या माणसांना मी चहा केला.

संध्याकाळी नवरा आला. मी सगळं सांगितलं. त्यानं आधी बारकीला उचललं, तिचे हात पाहिले, पाय पाहिले, पुन्हा हात पाहिले. मग अंगणात गेला, उकिडवा बसला आणि त्या सापाचं ठेचलेलं डोकं बोटानं उलटं केलं.

"हे तं आपली धामण हाय," तो म्हणाला.

मागच्या भिंतीत, पाण्याच्या मोरीजवळ, त्याला एक बीळ सापडलं. नाग तिथून गेला असावा. गेला की घरातच कुठं बसला, ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून आम्ही ती रात्र त्याच म्हातारीच्या ओसरीवर काढली. तिनं एका शब्दानं टोचलं नाही, नुसती गोधडी आणून दिली.

बारकी झोपल्यावर नवरा मला म्हणाला, "त्या लोकायचं जाऊ दे. पन तू तं रोज पायत होती तिले. तुले कशी नाही ओळखू आली?"

त्याच्या धामणीचं त्याला किती लागलं होतं ते मला कळत होतं. रागही आला होता, लाजही वाटत होती. कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं, मी पुसलं नव्हतं.

"नाही आली मले," मी म्हटलं. "अडीच वर्सं एका घरात राहून मले नाही ओळखू आली. मंग या तीन वर्साच्या लेकराले कशी आली असती?"

त्यानं बारकीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बीळ बुजवलं आणि रांजण फोडला.