अक्कानं पदर पसरला

अक्काला मिठी मारायची तर आधी तिच्या डाव्या खांद्याकडे नीट बघून घ्यावं लागे. दोरा ओवलेली एक सुई तिथं पदरात कायम टोचलेली असायची. विहिरीवर पाणी शेंदताना, भाकरी थापताना, मारुतीच्या देवळात जाताना, सुई आपली जागच्या जागी. लग्न होऊन मी उदगीरहून मादन हिप्परग्याला आले, थोरल्या जाऊबाई म्हणून तिच्या पाया पडले, तिनं मला उठवून उराशी धरलं आणि नव्या नवरीची लाजबीज विसरून मी "आई गं" म्हणून ओरडले. भोवतालच्या बायका हसल्या. अक्का मात्र शांतपणे म्हणाली, "टोचली व्हय? बरं झालं. आता तू घरची झालीस." आमच्या भागात दर दोन घरांआड एक अक्का असते, त्यामुळे गाव तिला सुईवाली अक्का म्हणायचं.

गावात शिंपी होता, त्याच्याकडे मशीन होतं आणि तो काही वाईट शिवत नव्हता. अक्काचं त्याच्याशी वाकडं नव्हतं. "त्याचं पोट हाय त्याच्यावर, माझा शौक हाय," असं ती म्हणे. शौक मात्र नवाबाला शोभेल असा. घरातल्या सगळ्या चोळ्या तिच्या हातच्या, कारहुणवीच्या सणाला बैलांच्या झुली तिच्या हातच्या, तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या भावजींची, पानतंबाखूची चंचीही तिच्याच हातची. त्या चंचीत कप्प्यातून कप्पा निघायचा आणि भावजींना चुना सापडेपर्यंत समोरच्याचं पान चघळून व्हायचं. शेजारची रहीमबी गुलबर्ग्याच्या उरुसाला निघाली की तिच्यासाठी नवा बटवा ठरलेला. अक्का शिवायची ती फक्त आपल्या माणसांसाठी. आता आपली माणसं कोण हे तीच ठरवायची आणि त्यात निम्मं गाव बसायचं.

माप घेणं म्हणजे तिला आपल्या डोळ्यांचा अपमान वाटे. बाई दारातून आत येऊन पाटावर टेकेपर्यंत अक्कानं मनात चोळी बेतलेली असायची. माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा मापासाठी दोरी पुढं केली तर म्हणाली, "मापून घ्यायला तू काय जोंधळ्याची रास हाईस?" तिची चोळी कधी चुकली नाही असं नाही. आमच्या एका चुलत सासूबाईंना काखेत आवळली, तेव्हा अक्कानं खापर त्यांच्यावरच फोडलं. "मी बेतली तवा तुमी एवढ्या न्हवता. मधी दिवाळी झाली, त्याला मी काय करू?" सासूबाईंनी मुकाट्यानं चोळी उसवून घेतली.

देण्यात तिचा हात कुणी धरत नसे. घेण्याच्या नावानं मात्र शंख. शिवणाच्या बदल्यात कुणी वाटीभर तूप पाठवलं तर ती वाटी शेंगापोळ्यांनी भरून परत जाई. लुगडं आणलं तर त्याच्या घडीत आणखी एक खण घालून ते लुगडं त्याच बाईच्या ओटीत. "शिवणाची फेड झाली की नातं उसवतं," हे तिचं म्हणणं. बायका चडफडायच्या. अक्काला काहीतरी द्यायचं राहून गेलंय ही रुखरुख आमच्या गल्लीत प्रत्येकीला होती, आणि अक्काला ती रुखरुख फार आवडायची असा माझा संशय आहे.

तिला मूल नव्हतं. हे ती लपवत नसे आणि त्यावरून रडतही नसे. गल्लीत कुणाला दिवस गेले की झबलं, टोपडं, कुंची शिवायला घ्यायची. माझ्या पहिल्या मुलाचं झबलं तिनंच शिवलं. तो पालथा पडायला लागण्याआधीच गेला. दुसरी मुलगी, तिलाही अक्काच्या हातचंच झबलं. ती बारशानंतर तापानं गेली. त्या दिवशी समाचाराला आलेल्या बायकांत समोरच्या घरची गंगव्वा होती. अक्का आणि गंगव्वा एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या, एकमेकींच्या जिवाच्या मैत्रिणी. गंगव्वाचं घर मुलांनी भरलेलं, आणि एकाला साधी सर्दी नाही. ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मी आधीच म्हनत हुते. वांझंच्या हातचं लेकराच्या अंगाला लावू नये."

दोघींचं बोलणं त्या दिवशी तुटलं. सुई खांद्यावर राहिली, पण लहान बाळाचं कापड तिनं पुन्हा हातात धरलं नाही. कुणी झबलं मागायला आली की म्हणायची, "डोळे गेले माझे." आणि त्याच डोळ्यांनी बैलाच्या झुलीवर बारीक बारीक आरसे लावत बसायची.

तिसऱ्यांदा मला दिवस गेले तेव्हा आनंद झाला असं म्हटलं तर खोटं होईल. मी भ्याले होते. आमच्याकडे रीत अशी, की जिची मुलं जगत नाहीत तिच्या बाळाला पहिलं झबलं घरचं घालायचं नाही. लेकुरवाळ्या घरांतून वापरलेल्या कापडाच्या चिंध्या भीक मागून आणायच्या आणि त्या जोडून झबलं शिवायचं. कापड जुनंच हवं. नव्याला नजर लागते. मागणारी घरातली थोरली बाई हवी, आणि तिनं पदर पसरायला हवा. सासूबाई केव्हाच गेलेल्या, म्हणजे थोरली अक्काच. जन्मात कुणाची वाटी रिकामी परत न पाठवलेली बाई दारोदार पदर पसरणार, हे मला बघवेना. मी म्हटलं, "अक्का, राहू द्या. उगं लोकांत तमाशा." ती म्हणाली, "मागितल्यानं मरायलीय का मी? गप बस."

सकाळी गेली ती दुपारी परत आली, पदर गच्च भरून. माझ्यासमोर तिनं तो ओतला आणि कपाळाला हात लावून बसली. खणांचे कोरे तुकडे, इरकलीचा जरीचा पदर, कुणी पेटीच्या तळाशी जपलेलं रेशीम, रहीमबीनं ईदेसाठी ठेवलेली मखमल. एक चिंधी नाही. इतक्या वर्षांत अक्का पहिल्यांदा घेणारी झाली होती आणि बायकांनी सगळी रुखरुख एका दमात फेडून घेतली होती.

"मी भीक मागाया गेलते का आहेर घ्यायला?" अक्का कडाडली. "आता ह्येचं काय करू? बैलाला चोळी शिवू?"

मी हसले. किती महिन्यांनी हसले होते कोण जाणे. अक्का मात्र तशीच उठली, जिचं कापड तिला परत केलं, आणि जुनंपुराणं मागून बघितलं. एकही बाई ऐकेना. "तुमच्या पदरात चिंधी कशी टाकू वो अक्का?" असं एक म्हणे, तर दुसरी नुसतीच डोळ्यांना पदर लावी. रहीमबीनं तर हातच जोडले, "तुमारे पदर में चिंदी? मेरे से नै होता, अक्का." दिवस कलताना ती रिकामी परत आली. पाणी प्यायली. मग समोरच्या घराकडे बघून म्हणाली, "ह्या गावात मला चिंधी दील अशी एकच बाई हाय."

मी जड पोटानं दारात येऊन उभी राहिले. गंगव्वा ओट्यावर शेंगा फोडत होती. अक्का गल्ली ओलांडून तिच्यासमोर गेली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहिली.

"काय पायजे?" गंगव्वानं मान वर न करता विचारलं.

"चिंधी. तुझ्या लेकरांच्या अंगाखालची."

गंगव्वा उठून आत गेली ती लवकर येईना. आता दार लावून घेणार असं मला वाटलं. पण ती आली, हातात एक विटलेलं लुगडं घेऊन. त्याचा मूळ रंग कोणता हे सांगता आलं नसतं. तिची सगळी मुलं त्याच लुगड्याच्या झोळीत निजली होती, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तिनं ते तिथंच उभ्यानं टरकन फाडलं आणि मोठा भाग अक्काच्या पदरात टाकला.

"शिवनार कोन?" तिनं विचारलं.

"माझी जाऊ सांगंल ती," अक्का म्हणाली आणि परत फिरली.

गंगव्वानं चिंधी दिलेली बघितल्यावर बाकीच्यांची भीड मोडली. दिवेलागणीपर्यंत कुणी धोतराचा तुकडा, कुणी उशीचा अभ्रा, रहीमबीनं आपल्या मुलाचा कोपरावर फाटलेला कुडता आणून दिला. अक्कानं सगळं माझ्यासमोर ठेवलं.

"मी बेतून देते, शेवंते. टाके तू घाल. न्हाईतर गंगव्वाकडून घालून घे."

"तुमीच शिवायचं," मी म्हटलं. "माझी दोन लेकरं तापानं गेली. तुमच्या सुईनं न्हाई."

"आन् ह्ये गेलं तर?" तिनं विचारलं. तिच्या तोंडून आलेला हा एवढाच कच्चा प्रश्न मी ऐकला. तेव्हा मला कळलं, दोन वर्षं ती गंगव्वावर रागावलेली नव्हती. तिनं तो शब्द खरा मानला होता.

मलाही भीती होतीच, ती काय लपवायची. पण या बाईच्या हाताशिवाय माझ्या बाळाला दुसरा हात लागावा असं मला मनापासून वाटत नव्हतं. मी म्हटलं, "गेलं तर आपल्या दोघींचं जाईल. जगलं तर दोघींचं."

अक्कानं खांद्यावरची सुई काढली.

अक्काच्या हातून निघालेलं सगळ्यात बेढब झबलं ते. एक बाही धोतराची, एक कुडत्याची, पाठीवर गंगव्वाचं लुगडं. पाचवीच्या दिवशी तिनं स्वतः ते मुलाच्या अंगात घातलं, नाव भिकू ठेवलं आणि म्हणाली, "कसं भिकाऱ्यावानी दिसायलंय. झकास." पावसाळ्यात त्याला ताप भरला तेव्हा अक्कानं त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. गंगव्वा काढा घेऊन आली. दोघी त्याच्या उशाशी बसल्या आणि तो काढा कडू झालाय की कमी उकळलाय यावरून भांडल्या. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर घरात ते भांडण ऐकलं आणि मला धीर आला. ताप उतरला. झबल्यानं उतरला का काढ्यानं, मला माहीत नाही. माझे वडील मास्तर होते, ते झबल्याला हसले असते. हसू देत.

पुढं अक्कानं गल्लीतल्या सगळ्या बाळांचं शिवण परत हातात घेतलं, गंगव्वाच्या नातवंडांचंसुद्धा. भिकूच्या अंगावर मात्र दुसऱ्या कुणाचा टाका चढू दिला नाही. त्यानं शाळेत सदरा फाडून आणला की मारायची मी आणि शिवायची ती. तो मला आई म्हणे, तिला अक्का म्हणे, आणि काही हवं असलं की आधी तिच्याकडे जाई.

भावजी गेले, त्यानंतर अक्काही फार दिवस राहिली नाही. पोलीस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात ती गेली. दिवस वाईट होते. निजामाच्या रझाकारांच्या धास्तीनं गावातले बरेच पुरुष सोलापूरकडे निघून गेले होते, भिकूचे वडीलही त्यांतच. मागं उरलेल्या म्हाताऱ्यांनी अंगणात तिरडी बांधली. सुई मी तिच्या पदरातच राहू दिली. विस्तवाचं मडकं तयार झालं तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मडकं कोन धरनार? बाईला पोटचं कुनी हाय का?"

"कुनी न्हाई," दुसरा म्हणाला. "धाकट्या जावंचा पोरगा हाय, तेवढाच."

गंगव्वा भिंतीला टेकून बसली होती. ती उठून उभी राहिली.

"जावंचा कामून?" ती म्हणाली. "तिचाच ल्योक हाय त्यो. फुडं हो, भिकू."

भिकूनं माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. तो पुढं झाला आणि त्यानं मडकं उचललं.